वेंडेलच्या अंगणातली मांझानिटा

मित्रांनो, मी मांझानिटा, कॅलिफोर्नियाच्या कोरड्या रानातलं झुडूप. सिएरा डोंगराच्या पायथ्याशी, वेंडेल प्रुइटच्या घरासमोर गेली कित्येक वर्षं उभी आहे. माझं खोड काळपट लाल आणि गुळगुळीत. पानं बारा महिने हिरवी. ऐन थंडीत मला घुंगरांएवढी गुलाबी फुलं येतात आणि उन्हाळ्यात बोराहून लहान फळं.

वेंडेलची बायको मारिसोल हिने मला रोपवाटिकेतून आणलं. पावसाळी थंडी सुरू व्हायच्या आधी तिने अंगणातलं गवत उपटलं आणि उतारावर मला लावलं.

"एवढं छान गवत काढून ही काटकी लावलीस?" वेंडेल म्हणाला.

"काटकी काय म्हणतोस? लग्नात तू तरी कुठे भरदार होतास!"

तेव्हाच मला कळलं, घर हसरं आहे.

पहिल्या उन्हाळ्यात मारिसोलने मला पंधरा दिवसांतून एकदा पोटभर पाणी दिलं. पुढे तेही थांबवलं. खत तर कधीच घातलं नाही. तिला माझा स्वभाव ठाऊक होता. सहा वर्षांत मी तिच्या कमरेला लागले.

मग ती आजारी पडली. एका दुपारी ओट्यावर शाल पांघरून बसली असताना ती वेंडेलला म्हणाली, "मी गेल्यावर माझ्या झाडाकडे बघ हं." मार्चमध्ये ती गेली.

वेंडेलने जन्मभर शाळेची बस चालवली होती. झाडांमधलं त्याला काही कळत नव्हतं. मे महिन्यापासून तो रोज सकाळी नळी घेऊन यायचा. "प्यायलीस का गं? नाहीतर ती रागवेल मला," असं म्हणत माझ्या बुंध्याशी तळं करायचा. खोड मातीतून वर येतं त्या माझ्या गळ्यापर्यंत खत लोटायचा. माझी मुळं कुजू लागली. पानं पिवळी पडली, तसं त्याने पाणी वाढवलं. एक फांदी वाळली. मला ओरडावंसं वाटे. पण 'ती रागवेल' हे त्याचं बोलणं ऐकलं, की रागही येत नसे.

जुलैमध्ये शेजारची लोर्ना मक्याचा पाव घेऊन आली. ती मीवोक या इथल्या मूळ आदिवासी लोकांपैकी. या टेकड्यांवर तिच्या पणज्या फिरल्या होत्या. तिने खाली बसून चिखलात बोट खुपसलं.

"वेंडेल, बंद कर ते पाणी. बुडवतोयस तू हिला."

"मला शिकवू नकोस! शेवटी तेवढंच मागितलं तिने माझ्याकडे. झाडाकडे बघ म्हणाली."

"बघ म्हणाली ना? रोज पाणी घाल म्हणाली का?"

वेंडेलच्या हातातली नळी गळून पडली. "मग मी करू काय, लोर्ना? सकाळी उठून दुसरं आहे काय मला?"

लोर्नाने जाऊन नळ बंद केला. मग म्हणाली, "आधी हे खत बाजूला ओढ. मी फावडं आणते."

दोघांनी माझा गळा मोकळा केला, पाणी उताराकडे जाईल असा चर खणला, वाळकी फांदी कापली. पुढचे तीन महिने वेंडेल सकाळी खुर्ची टाकून नुसता बसायचा. मी जगेन की नाही, हे मलाही ठाऊक नव्हतं. हात बांधून बसणं त्याला फार जड गेलं.

शरदात मला तांबूस पालवी फुटली. जानेवारीत फुलं आली, आणि त्यांच्यावर गुणगुणणारा इवलासा पक्षीही. पुढल्या उन्हाळ्यात लोर्नाने माझी फळं टोपलीत गोळा केली, कुटून त्यावर पाणी ओतलं आणि गाळून तिच्या आजीच्या पद्धतीचं सरबत केलं. वेंडेलने घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"आंबटढाण आहे की!"

"मारिसोल दोन पेले प्यायची."

वेंडेलने पेला रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला.

मित्रांनो, दारात रानातलं झुडूप आणाल तेव्हा त्याची तहान किती, ते आधी विचारून घ्या. आणि मायेपोटी चुकलात, तर थांबायला लाजू नका. मुळांत थोडा जरी जीव उरला असला, तरी आम्ही तुमच्यासाठी पुन्हा पालवतो.