हाउगबाईंची काठी

मी हाउगबाईंच्या दारामागची काठी. माणसं मला टेकून उभी राहतात आणि मी भिंतीला. अशा परावलंबी जिवाने बोलू नये खरं तर, पण बाहेर बर्फ पडतंय आणि बाईंना बूट चढवायला वेळ लागतो.

स्टुटगार्टजवळच्या एका टेकडीवर मी झुडपाची फांदी होते. लढाईनंतरच्या थंडीत गावाने टेकडीवरचं सगळं जंगल चुलीत घातलं. मी बारीक, म्हणून वाचले. मोठेपणाचे तोटे तेव्हाच कळले. बर्फ वितळल्यावर गावातल्या बायका रोपं लावायला आल्या. पुरुष फारसे उरले नव्हते. हाउगबाईंनी मला कापलं, टोक तासलं आणि माझ्याकडून मातीत भोकं पाडून घेतली. त्या जंगलाची मी सुईण म्हणायला हरकत नाही. झाडं मात्र ओळख दाखवत नाहीत. मोठी झाली ना.

अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात श्यामकांत बाईंच्या माडीवर राहायला आला. पुण्याचा, इंजिनांवर डॉक्टरेट करणारा. पहिल्याच रविवारी बाईंनी मला त्याच्या हातात दिलं.

"कुठे जायचंय?" माकडटोपी ओढत त्याने विचारलं.

"कुठेच नाही. फिरायला."

"मग एवढे जड बूट कशाला?"

टेकडीवरची झाडं तेव्हा जेमतेम त्याच्या खांद्याला लागत होती. "हे जंगल? पुण्यात याला कुंपण म्हणतात."

"बरं तर, थांबा जरा," बाई म्हणाल्या. "वाढेल."

त्याची एक खोड होती. घरातून निघताना तो "इश कोमं" म्हणायचा, म्हणजे 'मी येतो'. पहिल्या दिवशी बाई कॉफी ओतून जिन्याकडे बघत बसल्या, आणि हा तोवर ट्राममध्ये. संध्याकाळी त्यांनी समजावलं, "निघणारा माणूस 'इश गेहं' म्हणतो. मी जातो."

"आमच्यात 'जातो' म्हणून निघत नाहीत. तसं म्हणणारा परत येत नाही म्हणतात."

बाई कितीतरी वेळ माझी मूठ पुसत राहिल्या. "माझा नवरा लढाईवर अगदी शुद्ध बोलून गेला होता," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी त्याची ही चूक कधी सुधारली नाही.

किती रविवार गेले कोण जाणे. बर्फातून दोघं चालत राहायची. माझं टोक खाली जायचं, जुनी माती लागायची, आणि मला वाटायचं, हे भोक मीच पाडलेलं. धुक्यात झाडं हळूहळू त्याच्या टोपीच्या वर गेली. एके दिवशी तो मान वर करून बघत राहिला, पण कुंपणाचं नाव काढलं नाही.

तो डॉक्टर झाला. जर्मन इतकी सुधारली की पोस्टातला कारकूनही त्याच्याशी बरोबरीने भांडू लागला. पुण्यात नोकरी ठरली, सुधा नावाची मुलगीही ठरली. शेवटच्या रविवारी आम्ही तिघं टेकडीवर गेलो. बाईंची पकड माझ्यावर घट्ट होती. धास्ती एकच: उद्या दारात हा कोणता शब्द बोलेल?

सकाळी बॅग उचलून तो दारात उभा राहिला.

"फ्राऊ हाउग, इश गेहं." उच्चार निर्दोष.

बाई हलल्या नाहीत. दाराची मूठ धरून म्हणाल्या, "चुकलात."

बरोबर वाक्याला कोणी चूक म्हटल्याचा त्याचा हा पहिलाच प्रसंग. तो गोंधळला. मग त्याने बॅग खाली ठेवली, वाकून त्यांच्या पाया पडला आणि सरळ मराठीत म्हणाला, "येतो."

"गेनाऊ," बाई म्हणाल्या. म्हणजे, अगदी बरोबर.

तो अजून आलेला नाही. येईल का, मला विचारू नका. मी काठी आहे, ज्योतिषी नव्हे. जंगल मात्र आता इतकं दाट झालंय की आत बर्फ पडतानाचा आवाजही उशिरा पोचतो. दर रविवारी बाई मला घेतात, कुलूप लावण्याआधी रिकाम्या घराकडे वळतात आणि त्याच्याकडून घेतलेला शब्द जसाच्या तसा म्हणतात, "येतो." बाईमाणसाने 'येते' म्हणावं, हे मला कळतं. पण शुद्ध बोलून या घराचं कधी भलं झालेलं नाही, तेव्हा तुम्हीही कोणी त्यांना सुधारू नका.

बूट वाजले. येते मी.