मनकर्णाचं तोंड

मुखरूने पडदा उभा केला आणि त्याच्या पायाखालची जमीनच सरकली.

ज्या दिवाळीला चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या दिवाळीनंतरची ही गोष्ट. राज्य बदललं म्हणून बोरटोला गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, थोडीच बदलते? ती दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे भरणार होती. रात्री नाटक होतं आणि नाटकाला यंदा नवा दर्शनी पडदा. वीस हात लांब मांजरपाट, मधोमध कमळात बसलेली लक्ष्मी. पाच गावांना आवतण गेलं होतं.

पडदा रंगवायची एक रीत आहे, ती आधी सांगितली पाहिजे. एवढा मोठा कपडा कोणाच्या भिंतीला टांगणार? तो मारुतीच्या देवळाच्या आवारात जमिनीवर अंथरायचा, चिंचोक्यांची खळ फासून वाळवायचा, आणि मग रंगाऱ्याने त्यावर तान्ह्या पोरासारखं रांगत फिरायचं. गालावर बसून डोळा काढायचा, हनुवटीवर बसून ओठ. मुखरू आधी देवीला हात जोडून माफी मागायचा आणि मग तिच्यावर बसायचा. एका वेळी हातभर चित्र दिसतं, बाकीचं मनात धरून चालायचं. अख्खं चित्र दिसतं ते पडदा उभा केल्यावरच, आणि तोवर रंग वाळलेला असतो.

हाताखालच्या देवाजी आणि पत्रूने मागून दोर ओढले, दोन कडुलिंबांना बांधले आणि ते मांडवाचे बांबू आणायला निघून गेले. त्यांनी पुढून काही पाहिलं नाही. मुखरू वीस पावलं मागे गेला आणि वळला, तर कमळात मनकर्णा बसली होती.

तेच रुंद कपाळ, तीच किंचित वर चढलेली डावी भुवई, हसू यायच्या आधी ओठ मुडपायची तीच खोड. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, नाकात नथ, हातात हिरव्या बांगड्या. आणि खरी मनकर्णा तर अकरा वर्षांपासून पांढऱ्या कपाळाने गावात वावरत होती. दीर वारलू याच्या घरी ती राहायची. वारलूला दोन वेळचं तिचं खाणं जड होतंच, तिला घराबाहेर काढायला त्याला एक निमित्त हवं होतं. ते निमित्त मुखरूने वीस हात लांब काढून झाडाला टांगलं होतं.

कोणी ओळखणार नाही, अशी आशा करण्यातही अर्थ नव्हता. मुखरू न पाहिलेलं काढत नाही, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. त्याच्या पडद्यावरचा दरवान म्हणजे कोतवाल डोमा, राक्षस म्हणजे मूल गावचा एक गिरणीवाला. पेटी-तबला जुळेपर्यंत लोकांचा खेळच तो, हा कोण आणि तो कोण. गिरणीवाला तर स्वतःला पाहून पोट धरून हसला होता. पण विधवेच्या कपाळावरचं कुंकू पाहून कोण हसणार होतं? आणि जे हसतील, त्यांचं हसणं मनकर्णाला कुठे सोसवणार होतं?

मुखरू मनाशीच भांडू लागला. तो काही पोरसवदा नव्हता. पन्नाशी उलटली होती, बायको जाऊन सात वर्षं झाली होती. मनकर्णा समोरच राहायची. दर हंगामात तीच चिंचोके भाजून, भिजवून, वाटून खळ शिजवून द्यायची. ती खळीने भरलेला गंज, म्हणजे पातेलं, घेऊन यायची तेव्हा आपण खळीकडेच पाहतो, अशी मुखरूची प्रामाणिक समजूत होती. घ्या आता! खळ एवढी निरखून पाहिली की तिच्या भुवईसकट पाठ झाली. त्याला स्वतःची लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली.

नाटक मंडळाचे अध्यक्ष भैयाजी दुपारी पडदा पाहायला येणार होते. आता चित्रातलं नाक फेंदारायचं, भुवया जाड करायच्या, दुसरा इलाज नव्हता. पिवडीचा पिवळा रंग संपला होता, देवीच्या अंगाचा रंग पुन्हा जुळणार नव्हता. उरली होती ती काजळी. मुखरूने शिडी लावली, कुंचला काळा केला आणि वर चढला.

पण हात पुढे जाईना. खोटं कशाला बोला, तीस वर्षांत असं तोंड त्याच्या हातून उतरलं नव्हतं. तो कुंचला धरून तसाच उभा राहिला. काजळीचे दोन थेंब त्याच्याच धोतरावर पडले.

"मुखरूभाऊ, माहा गंज रिकामा झाला का?"

मनकर्णा आवारात आली होती. वीस हात पडदा काही पदराआड लपत नाही. तिने वर पाहिलं आणि ती जागीच थांबली. मुखरूने डोळे मिटून घेतले.

"मुखरूभाऊ," ती हळूच म्हणाली, "तुमी माह्या मायले कुठी पाह्यलं?"

"कोनाले?" शिडी हलली.

"माह्या मायले. हे माही मायच होय ना! मी सोळा वर्साची असतानी गेली ते. तुमी तर तिले कधी पाह्यलं नाई. मंग काढलं कसं?"

मुखरूला आधी वाटलं, ही थट्टा करते आहे. मग त्याच्या ध्यानात आलं. नवरा गेला तेव्हा बायांनी तिच्या बांगड्या फोडल्या आणि आरशाची फणेरपेटी जावेने उचलून नेली. रांडाव बाईने आरशात काय पाहायचं, असं तेव्हा सगळेच म्हणाले. मुखरूच्या घरचेही म्हणाले होते. तेव्हा मनकर्णा चोवीस वर्षांची होती. त्यानंतरची अकरा वर्षं तिचं तोंड अख्ख्या गावाने पाहिलं होतं, पाहिलं नव्हतं ते एकट्या तिने.

"मनात जसं आलं तसं काढलं, बाई," तो कसाबसा म्हणाला.

तेवढ्यात भैयाजी आले, आणि नेमका वारलू त्यांच्यासोबत. भैयाजींचा आवाज एरवी मूलच्या बाजारापर्यंत ऐकू जायचा. त्यांनी पडदा पाहिला, मनकर्णाला पाहिलं, पुन्हा पडदा पाहिला आणि ते गप्पच झाले. वारलू मात्र लालबुंद झाला.

"हे काय होय, मुखरू? आमच्या घरच्या बाईले तू—"

"भाऊजी, पाहा ना!" मनकर्णा वळली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "माही माय! किती वर्सानं दिसून राह्यली मले!"

वारलू पुढे बोलायच्या आत भैयाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून तो चांगलाच दाबला.

"हाव, बाई," ते म्हणाले. "मायच होय तुही."

"मंग उद्या मले पुढं बसू देजा, भैयाजी. मांगून तिचं तोंड नाई दिसत."

विधवा बाया नाटकाला सगळ्यांत मागे बसायच्या. भैयाजींनी मुखरूकडे पाहिलं. दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच आलं. गॅसबत्तीच्या उजेडात वर ती लक्ष्मी, तिच्या खाली ही, आणि समोर पाच गावं.

"बस ना, बस," भैयाजी पुटपुटले आणि दुसरीकडे पाहू लागले.

मुखरूला वाटलं, चूप राहावं. आजचा दिवस तरी तिचा सुखाचा जाईल. पण उद्या कोणीतरी सांगणारच, आणि हसत सांगणार. तो शिडीवरून उतरला.

"मनकर्णाबाई," तो म्हणाला, "तुही माय मी कधी पाह्यली नाई. ते तुहंच तोंड होय. माह्या हातून चुकलं. तू म्हनशीन तर आत्ता पुसतो."

मनकर्णाचं हसू थांबलं. ती पडद्याकडे पाहतच राहिली. मग तिने हात उचलला आणि आपल्याच गालावरून फिरवला, कपाळावरून फिरवला, डाव्या भुवईवरून फिरवला. आंधळ्याने चाचपावं तसं ती सावकाश चाचपत होती. वारलूने मान खाली घातली.

"पुसू नोका," ती म्हणाली. "मी पुढंच बसन."