पलंगाखाली

बेल वाजली तेव्हा ती एका हाताने कांदा परतत होती आणि दुसऱ्या हाताने बेसिनवरच्या फळीवर त्याचा दाढीचा ब्रश चाचपडत होती. खोली एवढीशी की शेगडी आणि बेसिन हाताच्या अंतरावर. ब्रश हाताला लागेना.

भत्ता खात्याच्या तपासनीस बाई रस्ता ओलांडताना तिला खिडकीतून दिसल्या होत्या, तेवढ्या वेळात तिने कांदा कढईत टाकला होता. तो काही जेवणासाठी नव्हता. थिनरचा वास मारायला कांद्यासारखं दुसरं काही नाही, हे तिला पहिल्याच तपासणीत कळलं होतं. नवरा रंगारी. तो घरात नसला तरी त्याचा वास घरात असायचा.

नवरा तरी कसं म्हणायचं? दोघांचा रीतसर घटस्फोट झालेला. त्याचं काम सुटलं, भाडं थकलं, तेव्हा ही शक्कल त्यानेच काढली होती. मुलीला एकटीने सांभाळणाऱ्या आईला सरकारी भत्ता जास्त, आणि एकट्या बेकार माणसाला वेगळा. ‘अगं, नुसती कागदावरची सही. आपल्या संसाराला काय धाड भरलीय?’ असं म्हणून त्याने कागदोपत्री एका मित्राच्या खोलीचा पत्ता दिला, आणि अंधार पडला की मागच्या जिन्याने घरी यायला लागला.

अलीकडे मात्र त्याच्या खाड्यांनाही कारणं फुटली होती. शेजाऱ्यांची नजर आहे, तपासणी कडक झालीय, चार दिवस जाऊ देत. ती अर्धा दिवस लॉण्ड्रीत इस्त्री करायची. शर्टाच्या बाहीवर रेघ पडू द्यायची नाही, ही तिची शिस्त. मागच्या खेपेला तो आला तेव्हा त्याच्या दोन्ही बाह्यांवर इस्त्रीची कडक रेघ होती.

"मित्राने केली इस्त्री," तो न विचारताच म्हणाला होता. तेव्हापासून मनात पाल चुकचुकत होती. पण भांडायचं तरी कुठल्या तोंडाने? सही तिचीही होती.

बेल पुन्हा वाजली. ब्रश मुलीनेच नेहमीसारखा तांदळाच्या डब्यात दडवला असेल, अशी मनाची समजूत घालून तिने दार उघडलं.

"आजही कांदाच का?" तपासनीस बाई आत येत म्हणाल्या. "जेव्हा यावं तेव्हा तुमचा कांदा शिजतोय."

"लेकीला आवडतो, मॅडम."

जमिनीवर बसून चित्र रंगवणाऱ्या लेकीने मान वर केली नाही.

"तक्रार आलीय तुमच्याविरुद्ध. इथे पुरुषमाणूस राहतो म्हणून. खरं निघालं तर भत्ता बंद, शिवाय घेतलेलाही परत करावा लागेल."

"कुणी केली तक्रार?"

"नाव नाही सांगितलं. फोन होता. एका बाईचा."

पलीकडची म्हातारी फोन वापरत नव्हती. खालचा दुकानदार बाई नव्हता. ती एकेकाला मनातून खोडत गेली, आणि मग खोडायला ओळखीचं कुणी उरलं नाही.

बाईंनी कपाट उघडलं. त्याचा निळा स्वेटर घाईत काढायचा राहिला होता. पण तिथे तिच्याच साड्या होत्या. बाईंनी दारामागच्या खुंट्या पाहिल्या, चपलांचा कोपरा पाहिला. दर खेपेला तिचा जीव खालीवर झाला, आणि दर खेपेला बाईंच्या हाती काही लागलं नाही. आपलं नशीब बलवत्तर म्हणून तिने सुस्कारा टाकला. पण पुढचा सुस्कारा काही निघेना.

आता उरला होता पलंग. पलंगाखाली, जुन्या बॅगेच्या मागे, त्याची ब्रशांची लाकडी पेटी असायची. ती पेटी तो मित्राकडे ठेवायला तयार नव्हता. ‘हात गेले तरी चालतील, ब्रश जाता कामा नयेत,’ असं म्हणायचा.

बाई पलंगाकडे न जाता मुलीजवळ टेकल्या.

"काय गं, बाबा येतात का राहायला?"

हे उत्तर मुलीला तोंडपाठ होतं. आधी आईकडे बघायची, मग एका दमात म्हणून टाकायची, की बाबा इथे राहत नाहीत, बाबांचं घर वेगळं आहे. आज तिने आईकडे पाहिलं नाही.

"बाबा इथे नाही राहत आता," ती रंगवता रंगवता म्हणाली.

‘आता’ तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तपासनीस बाई उठल्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता.

"खरं सांगू? इतक्या वेळा आले, पण तुमच्यावर विश्वास बसत नव्हता. आज बसला. काळजी करू नका, तुमचा भत्ता सुरू राहील."

त्या दारापाशी जाऊन चपला घालू लागल्या. शेगडीवर कांदा करपत होता. त्यामागे दुसरा कसलाही वास नव्हता.

"मॅडम," ती म्हणाली.

"हं?"

"पलंगाखाली बघितलं नाहीत तुम्ही."

"गरज नाही हो."

"बघा ना एकदा. बॅगेच्या मागे." तिला स्वतःला वाकवेना. "नीट बघा."

बाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, चपला काढल्या, आणि गुडघे धरत खाली वाकल्या. बॅग सरकल्याचा आवाज झाला. मुलीचा रंगीत खडू थांबला.

"काही नाही इथे," बाई पलंगाखालूनच म्हणाल्या. "धूळ आहे सगळी. मधला एक चौकोन तेवढा स्वच्छ आहे."