रिकाम्या पेटीचे पंधरा दिवस

मी कासव बोलतोय. जमिनीवरचं, पाण्यातलं नव्हे. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोकांना एवढं ठाऊक नसल्यामुळे माझा जीव जाता जाता राहिलाय.

बिस्किटाएवढा होतो तेव्हाची गोष्ट. दुकानदाराने एका कुटुंबाला सांगितलं, "एवढंच राहतं हो, वाढत नाही." थापा मीही मारतो, पण त्याच्यापुढे हात टेकले. घरच्या बाईंनी मोठ्या प्रेमाने मला टबभर पाण्यात सोडलं. मी जिवाच्या आकांताने पाय मारतोय आणि सगळे टाळ्या पिटतायत, "बघा, कसा पोहतोय." बुडताना टाळ्या मिळायला नशीब लागतं. शेवटी आजोबा म्हणाले, "अगं, दमला असेल तो," आणि मी वाचलो.

पुढे पाव खाऊन आणि उन्हाविना कपाटाखाली राहून माझ्या पाठीला टेंगळं आली. मी वाढत गेलो तशी त्यांची माया आटत गेली. मग त्यांनी मला शाळेला भेट देऊन टाकलं. चौथीच्या वर्गात मी तीन वर्षं काढली. पोरं पास व्हायची, मी तिथेच. सत्तावीसचा पाढा अर्धा येतो. उरलेला अर्धा यायच्या आत शाळा दुरुस्तीला बंद झाली, आणि शिपाईमामांनी मला पिशवीत घालून टेपमावशीकडे नेलं.

टेपमावशी म्हणजे शिंपीण. गळ्यात सदा मोजायची टेप. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत आम्ही बेघर मंडळी: कुलपातल्या पेट्यांत दोन अजगर, शेपूट गमावलेला एक सरडा आणि मी. तिने माझे कागद केले, डॉक्टरांना दाखवलं, पाव बंद करून गवत-पाला सुरू केला, वर उन्हाची भरपाई करणारा दिवा टांगला. मी जगाची टिंगल करतो, पण या बाईपुढे माझी जीभ मानेसारखी आत जाते.

आम्हाला घर शोधायची तिची एक रीत होती. नेणाऱ्याने आधी पंधरा दिवस रिकामी पेटी सांभाळायची. दिवा लावायचा, दिवसातून तीनदा आतली उष्णता मोजून वहीत लिहायची. "रिकाम्या पेटीला कंटाळला तो भरलेलीलाही कंटाळणार," ती म्हणायची. "आणि पेटीला कपड्यासारखी जास्तीची शिलाई सोडा. हा वाढत्या अंगाचा आहे."

निम्मे लोक तिसऱ्या दिवशीच गळायचे. एका साहेबांना मी त्यांच्या सोफ्याच्या रंगाला शोभेन असं वाटलं. मी त्यांची मांडी ओली केली. त्यांनी तिथेच नवी पँट शिवायला टाकली. मावशीचा धंदाही मीच वाढवला म्हणायचा.

मग आले घड्याळवाले काका. दुकान सुनेच्या सांगण्यावरून बंद केलेलं, हात अजून स्थिर. माझ्यासमोर ते अर्धा तास नुसते बसले, हात न लावता. माझ्याइतका सावकाश माणूस मी पहिल्यांदा पाहिला. याच्याच घरी जायचं, असं ठरवून मी त्या दिवशी कुणाचीही मांडी ओली केली नाही.

पंधरा दिवसांनी काका वही घेऊन आले. दारात सून उभी, बसचालकाच्या गणवेशात, हातात किल्ली फिरवत.

मावशीने शेवटचा प्रश्न विचारला. "काका, हा अजून साठ वर्षं सहज जगेल. तुमच्यानंतर कोण?"

"मी बहात्तरचा आहे."

"म्हणून तर विचारते."

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. मी मान आत घेतली.

"चला बाबा," सून म्हणाली. "सांगितलं होतं ना, घरात एक हट्टी म्हातारा पुरे आहे."

मावशी वही चाळत होती. "सकाळ-संध्याकाळचं बारीक अक्षर तुमचं. दुपारचं हे मोठं कुणाचं?"

"दुपारी मला डोळा लागतो," काका म्हणाले. "उठलो की लिहिलेलं असायचं."

सुनेने किल्ली फिरवायची थांबवली. "माझी ड्युटी दीडला संपते. दिवा उगाच जळतोय का, ते बघायला जायचे."

"पंधराही दिवस?"

"दिवा पंधराही दिवस जळत होता."

"आणि अकराव्या दिवशी लिहिलंय, बल्ब गेला, बदलला."

"मग काय अंधारात ठेवायचं?"

"कुणाला?" मावशीने विचारलं. "पेटी तर रिकामी होती."

सुनेने किल्ली खिशात टाकली. मावशीने कागद पुढे सरकवला. काकांच्या सहीखाली, 'माझ्यानंतर' या शब्दापुढे, मोठ्या अक्षरात दुसरी सही झाली.

आता मला अंगण आहे, ऊन आहे, आणि वाढलो तशी दोनदा मोठी केलेली पेटी आहे. काका गेल्या वर्षी गेले. त्या सकाळी घर माणसांनी भरलेलं, कुणाला कुणाची शुद्ध नव्हती. मी म्हटलं, आज उपास. पण वेळ झाली तशी सून आली, रडून सुजलेल्या डोळ्यांनी. तिने दिवा लावला, पाला टाकला, आणि वहीत सकाळच्या रकान्यात मोठ्या अक्षरात लिहिलं. एक मिनिटही उशीर नाही.

तेव्हा मंडळी, माझ्यासारखा कुणी घरी न्यावासा वाटला तर न्या, पण आधी रिकामी पेटी सांभाळून बघा, आणि तुमच्यानंतर कोण ते ठरवून या. नुसतीच हौस असेल तर मला मांडीवर मात्र घेऊ नका. सराव अजून आहे.