दुखलं तर किर्वे म्हणू नकोस

हिदरला विचार न करता बोलून बसायची खोड होती. मिनीबस चालवताना तो प्रवाशांना वाटेल ती आश्वासनं द्यायचा, पाच मिनिटांत पोचवतो म्हणायचा आणि वीस लावायचा, आणि लोक हसून सोडून द्यायचे. पण सात वर्षांच्या पोराला दिलेला शब्द कोणी हसून सोडत नाही. हे कळायला त्याला पंचावन्न वर्षं लागली.

झालं होतं असं. लष्करातला त्याचा जोडीदार ताजेत्तिन एक दिवस मुद्दाम घरी आला, चहाचे दोन पेले रिकामे होईपर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि मग म्हणाला, "आमच्या देवरानचा किर्वे तू व्हायचंस." सुंतेच्या वेळी पोराला मांडीवर धरून बसतो तो किर्वे. त्या दिवसापासून दोन घरांचं एक घर होतं, इतकं की त्यांच्या पोरापोरींत सोयरीकही जुळवत नाहीत. तुर्कस्तानात एलाझिगकडे या मानाला नाही म्हणायची सोय नाही, आणि हिदरला म्हणायचंही नव्हतं. त्याला आणि त्याच्या बायकोला मूलबाळ झालं नव्हतं. पोर आपल्याला हक्काने हाक मारणार या आनंदात तो पहिले दोन दिवस सगळ्या बसथांब्यांवर पेढे वाटल्यासारखा ही बातमी सांगत फिरला.

मग तो किर्वेच्या मानाप्रमाणे पोराचे कपडे घेऊन गेला. पांढरा झगा, पिसांची टोपी, 'माशाल्ला' लिहिलेला लाल पट्टा. देवरानने सगळं अंगावर चढवलं, आरशात पाहिलं आणि आरशातूनच हिदरला विचारलं, "दुखेल का?"

"छे, अजिबात नाही."

"गल्लीतली पोरं म्हणतात, आग होते. निखारा ठेवल्यासारखी. आठ दिवस."

"त्यांचे किर्वे बिनकामाचे असतील," हिदर छातीवर हात ठेवून म्हणाला. "तुझा किर्वे मी आहे. जरा जरी दुखलं ना, तर मला किर्वे म्हणू नकोस. जन्मभर नुसतं हिदर म्हण."

पोराने गंभीरपणे मान हलवली. व्यवहार पक्का झाला. दारातून त्याची आई गुलिझार म्हणाली, "हिदरभावजी, तुमच्या तोंडाला दार नाही का हो काही?"

रस्त्यावर येईपर्यंत हिदरला घाम फुटला होता. त्याची स्वतःची सुंता नवव्या वर्षी गावात झाली होती, भूल नाही, काही नाही. त्याच्या किर्वेने त्याला दोन्ही दंडांना आवळून धरलं आणि म्हटलं, छपरावर बघ, पक्षी बसलाय. पक्षी नव्हताच. त्या माणसाबरोबर हिदर पुढे तीस वर्षं एकाच गावात राहिला, पण त्याला किर्वे म्हणून हाक कधी मारली नाही. म्हातारा त्या हाकेची वाट बघत वारला. हे आठवलं की हिदरला आता स्वतःचीच लाज वाटायची, पण हाक काही तोंडातून आली नव्हती एवढं खरं.

दुसऱ्याच दिवशी तो मिनीबस उभी करून इस्पितळात गेला. भूल देणाऱ्या डॉक्टर शेहनाझबाई तिथे सुंतेच्या पोरांवर काही अभ्यास करत होत्या, आणि देवरानच्या आईबापांनी त्यासाठी संमतीची सही केली होती.

"पोराला आधी झोपवतो," बाईंनी समजावलं. "मग झोपेतच तेवढा भाग बधिर करायचं इंजेक्शन. ते दोन तऱ्हांनी देता येतं. एक पाठीत, अगदी खाली, माकडहाडाशी. कमरेखालचं बरंचसं सुन्न होतं, कधीकधी पायही जड होतात. दुसरं पुढे, जिथे कापायचं तिथेच मुळाशी. दोन्ही चांगली आहेत. जागं झाल्यावर कुठल्याने पोरं जास्त वेळ सुखात राहतात, ते मी बघते आहे."

"मग आमच्या पोराला त्यातलं चांगलं द्या."

"कुठलं द्यायचं ते बंद पाकिटातून निघतं. पाकीट आत माझे सहकारी उघडतात. मलाही सांगत नाहीत, म्हणजे मी नंतर मोजायला जाईन तेव्हा माझं मन कुठे कलायला नको."

हिदर पुढे वाकला. "बाई, मी घरचा माणूस समजून विचारतो. तुमच्या स्वतःच्या पोराला कुठलं दिलं असतंत?"

"ते मला ठाऊक असतं तर पाकिटं कशाला केली असती हो?"

मग हिदरने आपण देऊन बसलेला शब्द सांगितला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "असा शब्द मीसुद्धा देत नाही. थोडंफार दुखू शकतं. दुखलं तर वरून औषध देतो, त्याला पाकीट लागत नाही. फक्त पोराने सांगायला हवं." हिदरच्या कानात त्यातलं पहिलंच वाक्य राहिलं.

सुंतेच्या सकाळी तो बसला तिकडे शुभकार्याला लावतात तसे टॉवेल आणि फुगे लावून घेऊन आला. उपाशी पोर टोपी सावरत पुढच्या सीटवर बसलं होतं आणि मागे सारं खानदान टाळ्या वाजवत होतं. आतल्या खोलीत हिदरला अंगावर हिरवा झगा चढवून एका स्टुलावर बसवलं. देवरान त्याच्या मांडीवर. मास्क तोंडावर आला तेव्हा पोराने हिदरचा अंगठा पकडला, चार श्वास घेतले, आणि पकड सैल झाली. हिदर आयुष्यभर ज्या धरून ठेवण्याची धास्ती घेत आला होता, ते एवढंच होतं. त्याला आवळावं लागलं नाही, खोटा पक्षी दाखवावा लागला नाही. पोराला त्याने हलकेच टेबलावर ठेवलं आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून ढसाढसा रडला. ताजेत्तिनने त्याला पाणी दिलं आणि म्हणाला, "सुंता त्याची आहे ना?"

तासाभराने देवरान जागा झाला आणि त्याने जो सूर लावला, तो जिन्याखालीही ऐकू गेला असेल. संपलं, हिदरला वाटलं. तो खाटेशी धावला. "कुठे दुखतंय, वाघा?"

"कुठेच नाही," पोर हुंदके देत म्हणालं. "नको ना. घरी चला. त्यांना कापू देऊ नका."

"अरे, झालं की."

"खोटं. आग कुठे होतेय? म्हणजे सुंता अजून व्हायचीच आहे."

गुलिझार हसत सुटली, तोंडात ओढणीचा बोळा घालून. पलीकडच्या खाटेवर युनूस नावाचा पोरगा होता, त्याची आजीही हसायला लागली. देवरानला काही पटेना. शेवटी शेहनाझबाईंनी चादर उचलून पट्टी दाखवली. पोराने वाकून नीट पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि अगदी मोठ्या माणसासारखा विचारता झाला, "झालं म्हणता?"

"झालं, संपलं, माशाल्ला," सगळे म्हणाले.

तेव्हा हिदर खुर्चीत बसला तो जवळजवळ कोसळलाच. इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. पुढचे चार तास तो खोलीतला सगळ्यात मोठा माणूस होता. युनूसच्या आजीला त्याने ऑर्जिक खायला दिलं, द्राक्षाच्या पाकात बुडवलेल्या अक्रोडांची ती माळ तोडून तोडून वाटली. युनूसचे पाय जड झाले म्हणून ती आजी घाबरली, तेव्हा हिदरनेच तिला ऐटीत सांगितलं, "पाठीत दिलं असेल, आजी. उतरेल. आमच्यात दोन तऱ्हा आहेत."

शेहनाझबाई दर तासाने हातात कागद घेऊन यायच्या. कागदावर सहा चेहरे होते, पहिला हसरा, शेवटचा रडवा. पोराने बोट ठेवायचं आणि बाईंनी आकडा लिहायचा. देवरानचं बोट प्रत्येक वेळी पहिल्या चेहऱ्यावर पडलं.

दुपारी तीन वाजता बाई पुन्हा आल्या. देवरानचं बोट पहिल्या चेहऱ्यावरच गेलं. पण त्याआधी त्याने हिदरकडे पाहिलं होतं. ते पाहणं हिदरच्या लक्षात आलं. मग बाकीचंही लक्षात आलं. पोराने मघापासून ऑर्जिक हातात धरून ठेवलं होतं, खाल्लं नव्हतं. गुडघे वर घेतले होते. वरचा ओठ ओला होता.

बाई आकडा लिहून वळल्या. आता नुसतं गप्प बसायचं होतं. शब्द खरा ठरला होता, कागदावर लिहून झाला होता, आणि ताजेत्तिन अभिमानाने हसत होता. गप्प बसलं की जन्माची हाक हिदरच्या पदरात पडणार होती. त्याला ती किती हवी होती हे त्यालाच ठाऊक.

"बाई, थांबा," हिदर म्हणाला. "ते खोडा."

मग तो खाटेपाशी उकिडवा बसला, पोराच्या डोळ्यांना डोळे भिडतील असा. "हे बघ, तो शब्द मी मूर्खासारखा दिला होता. ते माझ्या हातात नव्हतंच. तू मला नुसतं हिदर म्हण, मी ओ देईन. पण बाईंना खरं सांग. खरं सांगितलंस तर त्या औषध देतात. आणि तुझ्यामागून येणाऱ्या पोरांचं कसं करायचं, तेही त्यांना त्यावरूनच कळतं."

देवरानने आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. मग त्याने बोट उचललं आणि चौथ्या चेहऱ्यावर ठेवलं.

"कधीपासून रे?" बाईंनी विचारलं.

"मागच्या वेळी आलात, तेव्हापासून. थोडंसं."

बाईंनी दोन आकडे खोडले, दोन नवे लिहिले, आणि नर्सला औषध आणायला सांगितलं. हिदर उठून बाजूला झाला. त्याला रडू येत नव्हतं, रागही नव्हता. पोराला औषध मिळणार, एवढ्यानेच त्याचं मन निवलं होतं. बाकी जायचं ते गेलं, असं म्हणून तो खिडकीपाशी गेला आणि खाली उभ्या असलेल्या आपल्या बसचे फुगे बघत राहिला.

मागून बारीक, चिडका आवाज आला. पोर हात पुढे करून बसलं होतं, सकाळी मास्क लावताना अंगठा पकडायला केला होता तसा.

"इकडे या ना," देवरान म्हणाला. "दुखतंय, किर्वे."