हाकेला ओ

"गाण्यासाठी हवाय की बोलण्यासाठी?" दुकानदाराने विचारलं.

"दोन्हीसाठी," मी म्हणाले.

बाबा शेजारी गळ्याला मफलर गुंडाळून उभे होते. बसस्थानकावर गाड्या पुकारण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि उरलेला वेळ गाण्यात. सोमवारी त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं होतं.

दुकानदाराने दोन माइक पुढे ठेवले. "हा बारीकसारीक सगळं टिपतो, पण खोली शांत हवी. हा दुसरा तोंडाजवळचं तेवढंच घेतो. घरात भांडी वाजणार असतील तर हाच न्या."

"हाच बरा. स्थानकावर असाच होता," बाबा म्हणाले.

मी कसली ऐकतेय! हट्टाने पहिला घेतला.

घरी कपड्यांचं कपाट उघडून बाबांना त्याच्यापुढे बसवलं. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही म्हणे. हेडफोन लावले. बाबांच्या प्रत्येक शब्दाखाली काहीतरी खरवडत होतं. एवढे दिवस शेजारी बसून मला ते कधी ऐकू आलं नव्हतं.

"गाणं म्हणा ना, बाबा."

"गाणं मागाहून. आवाज गेल्यावर फोनचं बटण दाबून तुझ्या आईला रोज गाणंच ऐकवू का? आधी रोजचं बोलणं घे." ते माइककडे वळले. "अगं, ऐकतेस का?"

"ओ! आले, आले," स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

तेही रेकॉर्ड झालं. मी पुसलं. पुन्हा हाक, पुन्हा आईची ओ.

"अगं, तुला नाही, माइकला मारतोय हाक," बाबा हसले आणि खोकत खोकत वाकले.

पुढच्या खेपेलाही तिने ओ दिलीच. "जिभेला सवय आहे हो," ती ओशाळून म्हणाली. बाबांचा आवाज आता फाटत चालला होता. मला भीती वाटायला लागली, सोमवारपर्यंतही तो टिकतोय की नाही.

"आई, एकदा तरी गप्प बस," मी जवळजवळ ओरडलेच.

आई दारात येऊन उभी राहिली. ओल्या हातानेच तिने तोंड दाबून धरलं.

"अगं, ऐकतेस का?" तिच्याकडे बघत बाबांनी हाक मारली आणि सवयीने जरा थांबले.

ओ आली नाही. रेकॉर्डिंग अगदी स्वच्छ झालं.

"झालं का?" बाबांनी मला विचारलं.

मी मान हलवली. तरी आईने तोंडावरचा हात काढला नाही.