चौथा ट्रॅक

“ही बाई कोण?” हेडफोन कानावरून खाली घेत कॅलमने विचारलं.

मॅक्सिम तुस्कानोने वळून पाहिलं. गोदामात बाई म्हणावी अशी एकच, मोराग. ती बेस गिटार मांडीवर आडवी ठेवून सफरचंद खात होती. तिनेही मान हलवली. आपण तोंडसुद्धा उघडलेलं नाही, असं ती म्हणाली.

मस्कतच्या गाला या भागातल्या दुरुस्ती-कारखान्यांच्या रांगेतलं हे नववं शटर. आत जुने टीव्ही, ॲम्प्लिफायर आणि टेपरेकॉर्डर छतापर्यंत रचलेले. मॅक्सिम वसईहून येऊन इथे आठ वर्षं हीच यंत्रं दुरुस्त करत होता. १९९६च्या हिवाळ्यात हे चार स्कॉटिश तरुण त्याच्याकडे एक जळका ॲम्प्लिफायर घेऊन आले आणि त्यांनी गोदामच मागितलं. त्यांचे वडील तेलकंपन्यांत, ते स्वतः कुठे ना कुठे छोट्या नोकऱ्यांत. घरी वाजवलं की शेजारी तक्रार करत. मॅक्सिमने शुक्रवार दिला. चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून तो शटर उघडायचा. त्याची अट एकच होती. जुम्म्याची बांग झाली की नमाज संपेपर्यंत एक तारही वाजवायची नाही.

आता ती वेळ होती. सगळ्या गाड्या मशिदीकडे गेलेल्या, सगळी शटर्स बंद, रस्त्यावर फक्त ऊन. एरवी दिवसभर घरघरणारा शेजारचा कॉम्प्रेसरही गप्प होता. इतक्या शांततेत कुठली बाई बोलेल?

मॅक्सिमने हेडफोन लावला.

त्याच्या रेकॉर्डिंगच्या यंत्रात साधीच कॅसेट लागायची, पण तिच्यावर चार वेगवेगळे ट्रॅक घेता यायचे. पहिल्यावर कॅलमचा आवाज आणि गिटार होतं, दुसऱ्यावर बेस, तिसऱ्यावर ड्रम. चौथा रिकामा होता, निदान असायला हवा होता. सकाळपासून त्यांनी एकच गाणं सात वेळा वाजवलं होतं, आणि सातव्या खेपेला कॅसेटची बाजू संपली होती. या सातव्या खेपेच्या भागात चौथ्या ट्रॅकवर बाई होती. तिचा प्रत्येक शब्द शून्यातून उगवून फुगत जायचा आणि फुगला असतानाच कापल्यासारखा संपायचा. श्वासही चुकीच्या दिशेने. भाषा अरबी नव्हती, इंग्रजी नव्हती, मल्याळम, बलुची यांपैकीही कुठली नव्हती. मधेच ती गुणगुणली.

मॅक्सिमने हेडफोन कानावर दाबून धरला. आवाज ओळखीचा नव्हता. तरी आपल्याला कुणी पाठीमागून हाक मारली आहे आणि आपण वळायला उशीर करतो आहोत, असं काहीतरी त्याला वाटलं.

तंत्रज्ञाने द्यावं तसं उत्तर त्याने दिलं. लांब तारा अँटेनासारखं काम करतात, एखादं रेडिओ स्टेशन पकडलं असेल, पुसून टाकतो.

“नको,” मोराग म्हणाली. “पुसू नकोस तिला.”

कॅसेट कॅलमने खिशात घातली. बुधवारी चौघेही ग्लासगोला गेले. तिथे त्यांना पोट भरण्यापुरतं वाजवून बघायचं होतं. बँडचं नाव त्यांनी जाण्याआधी ठेवलं, ‘शटर नाईन’. मॅक्सिमला हसू आलं. आपल्या शटरवर तो आकडा त्यानेच, उरलेल्या निळ्या रंगाने, थोडा वाकडा काढला होता.

हसू शुक्रवारपर्यंत टिकलं.

त्याच्या खणात मागच्या बाजूला एक रुमाल होता, आणि रुमालात एक कॅसेट. मॅक्सिमची बायको जेनेट पत्र लिहायची नाही, बोलायची. महिन्या-दोन महिन्यांनी गावचं कुणीतरी सुट्टीवरून परतताना तिने भरलेली कॅसेट घेऊन यायचं. सामान वाढू नये म्हणून लोक डबी फेकून देत आणि विमानतळावर कुणी चौकशी करू नये म्हणून कॅसेटवर नावही घालत नसत. मॅक्सिम ती ऐकायचा, आणि ऐकून झाली की तिच्या कडेच्या दोन प्लास्टिकच्या टिकल्या स्क्रू-ड्रायव्हरने मोडायचा. टिकली मोडली की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. टिकली मोडलेली म्हणजे ऐकलेली, जपायची. टिकली शाबूत म्हणजे कोरी, वापरायची. आठ वर्षांत या नियमाने त्याला एकदाही फसवलं नव्हतं.

मागच्या जूनमध्ये जेनेट तीन दिवसांच्या तापाने गेली. मॅक्सिमचा पासपोर्ट अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या तिजोरीत होता आणि अर्बाब दूर दक्षिणेला सलालाला गेलेला. किल्ली येईपर्यंत वसईत माती देऊन झाली होती. मॅक्सिम पोचला तो महिन्याच्या मिस्सेला. त्याची एक वर्षाची मुलगी कॅन्डिस त्याच्या बहिणीच्या, मटिल्डाच्या कडेवर होती. तिने त्याच्याकडे पाहून तोंड फिरवलं. मस्कतला परत आल्यावर गावचा स्टॅन्ली जवळच्या सीबहून त्याच्या खोलीवर आला आणि रुमालात गुंडाळलेली कॅसेट त्याच्या हातात ठेवून चहाही न घेता गेला. ताप येण्याच्या आदल्या रविवारी जेनेटने ती स्टॅन्लीकडे दिली होती.

मॅक्सिमने ती ऐकली नाही. ऐकली की संपली असती. आठ महिने त्याने ती जपली.

आता रुमाल रिकामा होता.

गेल्या शुक्रवारी कॅलम घाई करत होता, सूर हातात आहे तोवर घेऊ या, दुसरी टेप दे. मॅक्सिमने न बघता खणात हात घातला होता, रुमालातून निसटून हाताला लागली ती कॅसेट काढली होती आणि अंगठ्याने कडा चाचपली होती. टिकल्या शाबूत. कोरी.

तो स्टुलावर बसला. यंत्र कसं चालतं हे त्याच्याइतकं गालात कुणाला ठाऊक होतं? साध्या टेपरेकॉर्डरवर कॅसेटची एक बाजू एका दिशेने भरते आणि उलटवली की दुसरी बाजू विरुद्ध दिशेने. चार ट्रॅकचं यंत्र मात्र दोन्ही बाजू एकाच दिशेने वाचतं. पहिल्या दोन ट्रॅकखाली जेनेटची पहिली बाजू गेली. ती पूर्ण पुसली गेली, सात वेळा वाजवलेल्या त्या गाण्याखाली. तिसऱ्यावरच्या ड्रमखाली दुसऱ्या बाजूची अर्धी रुंदी गेली. चौथा ट्रॅक कुणी घेतला नाही, तिथे जेनेट उरली. उलटी.

त्याने कॅलमला पत्र लिहिलं. कारण लिहिणं त्याला जमलं नाही, फक्त ‘माझी कॅसेट परत पाठव’ एवढं लिहिलं. पाच महिन्यांनी उत्तर आलं. ती टेप ऐकूनच एका रेकॉर्ड कंपनीने त्यांना घेतलं होतं, आणि आता ती कंपनीच्या कपाटात होती. मॅक्सिमने पुन्हा लिहिलं, तेव्हा चौघांच्या सह्या छापलेला एक रंगीत फोटो आला.

१९९८मध्ये ते गाणं जगभर वाजायला लागलं. कंपनीने चौथ्या ट्रॅकचा अकरा सेकंदांचा तुकडा कापून दोन कडव्यांच्या मधे तीनदा घातला होता. त्यासाठीच लोक गाणं ऐकत. त्या खोलीत कुणीही बाई नव्हती, असं कॅलम मुलाखतीत सांगायचा आणि ते खरंच होतं. बौशरच्या सुपरमार्केटमध्ये मॅक्सिम मासे घेत असताना वरच्या स्पीकरमधून जेनेट आली. बर्फावर पसरलेल्या सुरमया, ट्रॉल्या ढकलणारी माणसं, आणि त्यांच्या डोक्यावर तिचा आत ओढलेला श्वास. कुणी मान वर केली नाही. पिशवी काउंटरवरच ठेवून तो बाहेर आला.

तो तुकडा सुलटा करून ऐकायला त्याला दोन मिनिटंही लागली नसती. यंत्र समोरच होतं. पाच वर्षं त्याने तेवढं केलं नाही. ज्याला तो भीत होता ते शेवटी दुसऱ्याच वाटेने आलं.

२००३मध्ये मटिल्डा नऊ वर्षांच्या कॅन्डिसला घेऊन मस्कतला राहायला आली. मुलगी इंडियन स्कूलमध्ये जाऊ लागली आणि चार महिन्यांत इंग्रजीत भांडू लागली. मटिल्डाच्या नोकरीपायी ती उत्तरेत हिंदीतच वाढली होती, मराठी तिला अडखळत यायची. एका दुपारी ती कारखान्यात गृहपाठ करत बसली होती आणि करता करता बोलू लागली, अर्धं गात, अर्धं पुटपुटत. तेच अकरा सेकंद. शून्यातून फुगणारे, मधेच कापलेले शब्द, श्वासासकट.

“हे कुठे शिकलीस?”

“स्कूल बसमध्ये सगळे म्हणतात, पप्पा. इट्स नॉट अ लँग्वेज. पण मला सगळ्यात बेस्ट येतं.”

मॅक्सिमने मायक्रोफोन पुढे केला आणि तिला ते म्हणायला लावलं. मग त्याने कॅसेट काढून उलटवली, यंत्रात घातली आणि बटण दाबलं.

स्पीकरमधून त्याची मुलगी, जिला ‘विहीर’ शब्द धड म्हणता येत नव्हता, स्वच्छ वसईच्या हेलात म्हणाली, “मॅक्सी, झोपली रे ही. आता सांगते.”

कॅन्डिस हसली. “हू इज दॅट?” तिने विचारलं.

मटिल्डा डबा घेऊन दारात आली होती. ती तिथेच उभी राहिली. तिने छातीवर क्रूस केला आणि हलक्या आवाजात भावाला म्हणाली, “जेनेटच बोलली ना ही?”

मॅक्सिमने यंत्र बंद केलं. त्या दिवसापासून त्याला एकच गोष्ट हवी होती. आता सांगते, म्हणाली ती. काय?

‘शटर नाईन’ हा बँड २००६च्या नोव्हेंबरमध्ये मस्कतला कार्यक्रमासाठी आला. गुरुवारी दुपारी काळी गाडी रांगेत शिरली आणि निळ्या नऊच्या आकड्यापाशी थांबली. कॅलमचे केस विरळ झाले होते. मोरागने गॉगल काढून आत डोकावलं आणि तेच स्टूल अजून आहे म्हणून ती खूश झाली. कॅलम सगळीकडे हात लावत बोलत होता. लोक त्याला आजही पहिला प्रश्न तोच विचारतात म्हणाला. कोण आहे ती? त्याने बॅगेतून एक पत्र्याची डबी काढली. कंपनीकडून त्याने ती टेप मागून घेतली होती. प्रत्येक कार्यक्रमाआधी ते ही डबी ॲम्प्लिफायरवर ठेवत आणि मगच वाजवायला लागत. एकदा ती हॉटेलवर राहिली तर पहिल्याच गाण्याला सगळे दिवे गेले होते.

“ती माझी बायको आहे,” मॅक्सिम म्हणाला.

त्याने इंग्रजीत, तुटक वाक्यांत, सगळं सांगितलं. टिकल्यांचंही सांगितलं. कॅलम हातातली डबी उलटसुलट फिरवत ऐकत होता. मोराग रडत होती. शेवटी कॅलमने डबी मॅक्सिमच्या टेबलावर ठेवली, दोन बोटांनी किंचित पुढे सरकवली आणि हात खिशात घातले. संध्याकाळच्या कार्यक्रमाचे दोन पास तो ठेवून गेला. मॅक्सिम आणि कॅन्डिस गेले नाहीत. नंतर कळलं, अकरा सेकंदांच्या जागी बँड थांबला होता आणि हजारो लोकांनी तेवढा तुकडा स्वतः म्हटला होता.

शुक्रवारी बांग झाल्यावर मॅक्सिमने साध्या डेकमध्ये कॅसेट घातली, दुसरी बाजू वर करून. कॅन्डिस आता बारा वर्षांची होती. ती स्टुलावर बसली. बाहेर रांग निपचीत पडली होती. उजव्या स्पीकरमधून उलटे ड्रम आले, आधी गुंज आणि मग ठोका. मॅक्सिमने आवाजाचा तोल डावीकडे फिरवत नेला. ड्रम विझले.

“मॅक्सी, झोपली रे ही. आता सांगते. पहिल्या बाजूला जे बोलले ना, ते ऐकलंस. आता ते परत विचारू नकोस, मला लाज वाटते. पण विसरू नकोस. ही मोठी झाली की हिला तू सांग. माझ्या तोंडून नाही निघायचं, तुझ्या तोंडून निघेल.” मग ती हसली. मोटर बिघडली होती, केळीला कळशीने पाणी घालावं लागलं होतं, स्टॅन्लीला सुकवलेले बोंबील दिले आहेत, ते त्याने वाटेत खाल्ले तर कळव. मग म्हणाली, “आता मी गप्प बसते. ही कशी झोपते ते ऐक.”

आणि ती गप्प बसली. वीस-बावीस मिनिटं एका लहान बाळाचा श्वास चालू राहिला. मधे एकदा जेनेट गुणगुणली. बाजू संपेपर्यंत कॅन्डिस हलली नाही. तिचाही श्वास त्याच लयीत चालला होता, हे मॅक्सिमने पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

बटण खटकन वर आलं.

“पप्पा, पहिल्या बाजूला काय होतं?”

काहीही सांगता आलं असतं. जेनेट काय बोलली असेल याचे अंदाज त्याने दहा वर्षांत शेकड्याने केले होते आणि त्यांतला कुठलाही मुलीला आवडला असता.

“मला माहीत नाही,” तो म्हणाला. “ऐकायच्या आधीच माझ्या हातून पुसलं गेलं.”

 कॅन्डिसने कॅसेट काढली, उलटवली आणि पुन्हा आत घातली. कॅलमचा वीस-बावीस वर्षांचा आवाज आला. सूर चुकला म्हणून तो थांबला, हसला, पुन्हा सुरू झाला. एक, दोन, तीन, सातही वेळा. हात मांडीवर ठेवून, पत्र वाचून दाखवताना ऐकावं तसं, बापलेकीने ते सगळं ऐकलं.

बाजू संपली. नमाज सुटली होती. रस्त्यावर गाड्या सुरू होत होत्या. कॅन्डिसने खणातून बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेतला. “असंच ना?” असं विचारलं आणि आधी एका बाजूची टिकली मोडली, मग दुसऱ्या बाजूची. दोन काळे तुकडे टेबलावर उडाले. मॅक्सिमने ते झटकले नाहीत.